इमारत पडणारच आहे, मग ॲसिडची बाटली तिथेच ठेवून गेलं तर?

पत्र थोडक्यात असं आहे. मुलुंड पूर्वेच्या एका वाचक भगिनींची जुनी तीन मजली इमारत पुनर्विकासाला गेली आहे. तीन आठवड्यांत घर रिकामं करून चावी द्यायची आहे. माळा आवरताना दिवंगत सासऱ्यांनी जपून ठेवलेलं बरंच काही खाली आलं. सासरे लाकडी सामानाला हौसेने स्वतः पॉलिश करायचे आणि शेवटची काही वर्षं इन्सुलिनवर होते. त्यामुळे ऑइल पेंटचे तीन अर्धवट डबे, टर्पेंटाईन, अळशीचं तेल, तेलाने माखलेल्या चिंध्या, पाच लिटरच्या कॅनमध्ये तळाशी राहिलेलं रॉकेल, संडास धुवायच्या ॲसिडची अर्धी बाटली, पाऱ्याचं रक्तदाब मोजायचं यंत्र, जुन्या ट्यूबलाइट, पिशवीभर औषधं, सुया, इन्व्हर्टरची बंद पडलेली बॅटरी, फुगलेला मोबाइल आणि लेबल नसलेल्या डब्यात राखाडी पावडर असा ऐवज समोर आहे. दीर म्हणतात, इमारत पाडणारच आहेत, सगळं तिथेच सोडा. यजमान म्हणतात, काळ्या पिशवीतून रोज थोडं थोडं कचऱ्यात द्या, कुणाला कळणार आहे? त्यांचा स्वतःचा विचार पातळ ते मोरीत ओतून वर ब्लीचिंग पावडर टाकायची आणि उरलेलं भंगारवाल्याला द्यायचं, असा आहे. शेवटी त्या विचारतात, ‘मी उगाच बाऊ करतेय का?’

ताई,

बाकीचं सावकाश वाचा, पण मोरीचा बेत आत्ताच रद्द करा. संडास धुवायचं ॲसिड म्हणजे बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक ॲसिड. ते ब्लीचिंग पावडरवर किंवा बाटलीतल्या पांढऱ्या ब्लीचवर पडलं की लगेच क्लोरीन वायू सुटतो. जुन्या इमारतीतल्या लहानशा मोरीत, वर वीतभर झरोका असताना, दाराकडे वळेपर्यंत डोळे आणि घसा जळायला लागतो. जास्त वायू छातीत गेला तर फुप्फुसात पाणी होऊ शकतं, आणि हा त्रास काही वेळा तासाभराने, दोन तासांनी वाढतो. कधी चुकून असं झालंच तर ते धुवायला थांबू नका. दार उघडं टाकून मोकळ्या हवेत या आणि १०८ ला फोन करा.

आता तुमचा प्रश्न. बाऊ करत नाही आहात. पण ‘हे सगळं कुठे टाकू’ असा प्रश्न घातलात की त्याला उत्तर मिळत नाही, कारण हे ‘सगळं’ कुणीच घेत नाही. दुकानदार बॅटरी घेईल, ॲसिड घेणार नाही. डॉक्टर सुया घेतील, रंग घेणार नाहीत. एकेक वस्तू सुटी केली की यातल्या निम्म्याला सरळ वाट आहे, काही वस्तू कचरा नाहीतच, आणि खरोखर अडणाऱ्या तीन-चारच उरतात. वस्तू एकत्र आल्या, फुटल्या किंवा ज्याला आत काय आहे हे माहीत नाही अशा माणसाच्या हातात गेल्या, की धोका सुरू होतो.

म्हणून दिरांचं म्हणणं पटत नाही. चावी दिल्यावर लगेच इमारत पडत नाही. कधी काही आठवडे, कधी काही महिने ती रिकामी उभी असते. त्या काळात खिडक्यांचे ग्रिल, दारं, नळ, वायरी काढायला माणसं येतात आणि माळ्यावर काही राहिलंय का हेही तीच बघतात. नंतर तोडकाम करणारे मजूर येतात. अनेकदा त्यांची बिऱ्हाडं तिथेच असतात आणि पोरं त्याच जागेत खेळतात. काचेचं रक्तदाब यंत्र त्या मुलांना खेळणंच वाटेल. घर तुमच्या ताब्यात आहे तोवर आत काय आहे हे जाणणाऱ्या फक्त तुम्ही आहात. चावी दिली की ही माहिती कुणाकडेच राहत नाही.

यजमानांच्या सूचनेत अडचण वेगळी आहे. कचऱ्याच्या गाडीत कचरा दाबला जातो. काळ्या पिशवीतली ॲसिडची बाटली त्या दाबाखाली फुटते आणि शिंतोडे मागे उभ्या असलेल्या कामगाराच्या अंगावर उडतात. लिथियमची बॅटरी दबली की पेट घेते, स्प्रेचा डबा फुटतो. सुई पिशवीतून बाहेर येते ती पिशवी उचलणाऱ्याच्या बोटात किंवा मांडीत. पुढे मुंबईचा बहुतांश कचरा कांजूरमार्गला जातो, म्हणजे तुमच्यापासून दोन-तीन स्टेशनांवर. २०१६ च्या जानेवारीत देवनारच्या डोंगराला आग लागली तेव्हा धूर शहरभर पसरला होता. आपल्या पिशवीतलं टर्पेंटाईन आणि बॅटरी अशाच ठिकाणी पोचतात.

आणि भंगारवाला. रिकामे, कोरडे डबे, लोखंड, पितळ त्याला जरूर द्या. पण बॅटरी, ट्यूब आणि मोबाइल त्याला देणं म्हणजे त्या फोडण्याचं काम त्याच्यावर सोपवणं. शिसं काढण्यासाठी ॲसिड गटारात ओतलं जातं, तांब्यासाठी वायर जाळली जाते, आणि हे बहुतेक वेळा लहान गाळ्यात, उघड्या हातांनी होतं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला त्यातल्या धातूचेच पैसे मिळतात.

कामाला लागताना पहिल्या दिवशी काहीच टाकू नका, फक्त वेगळं करा. खिडक्या उघड्या, देवघरातलं निरांजन आणि गॅस बंद, नातवंडं शेजारी. हातात भांडी घासायचे जाड रबरी मोजे घाला; डॉक्टरी पातळ मोजे टर्पेंटाईनने विरघळतात. फरशीवर जुनी वर्तमानपत्रं अंथरा आणि ज्वलनशील वस्तू, ॲसिड, औषधं-सुया, पाऱ्याच्या वस्तू, बॅटऱ्या हे पाच गट एकमेकांपासून हातभर दूर ठेवा. अनोळखी पावडरचा डबा या सगळ्यांपासून लांब, कोरड्या जागी. प्रत्येकावर जाड मार्करने मराठीत आणि हिंदीत नाव लिहा. एक गोष्ट कटाक्षाने पाळा: काहीही पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतून ठेवू नका. घाईत, अंधारात कुणीतरी ती तोंडाला लावतं. रॉकेल आणि ॲसिड पोटात जाण्याच्या अनेक घटना अशाच घडतात. मूळ डबा गळत असेल तर तो तसाच एका मोठ्या प्लास्टिकच्या बादलीत ठेवा.

आता पारा, कारण तुमच्या यादीत मला सगळ्यात जास्त काळजी त्या यंत्राची वाटते. तापमापीत साधारण अर्धा ते एक ग्रॅम पारा असतो आणि सीएफएल दिव्यात जेमतेम पाच मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी. रक्तदाबाच्या यंत्रात मात्र शंभर ग्रॅमच्या आसपास असू शकतो, म्हणजे हजारो दिव्यांइतका. पारा पाण्यापेक्षा साडेतेरा पट जड असल्याने हे शंभर ग्रॅम चहाच्या दीड चमच्यात मावतात, म्हणून तो इतका वाटत नाही. तो खोलीच्या तापमानालाच हळूहळू वाफ होतो. त्या वाफेला रंग-वास नसतो आणि ती मज्जासंस्थेला आणि मूत्रपिंडाला इजा करते.

यंत्राला हात लावण्याआधी अंगठी, बांगड्या, मंगळसूत्र काढून ठेवा. पारा सोन्याला लगेच धरतो आणि सोनं पांढरं पडतं. मग यंत्र टेबलावर, खाली कडा असलेलं प्लास्टिकचं ताट ठेवून उघडा. बऱ्याच यंत्रांत काचेच्या नळीच्या तळाशी एक बारीक खटका असतो. यंत्र पाऱ्याच्या टाकीच्या बाजूला हलकेच तिरपं करा, नळीतला पारा टाकीत उतरला की खटका बंद करा. खटका नसेल किंवा गंजला असेल तर काहीही न हलवता पेटी बंद करा. पेटी दोन जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत, तोंड चिकटपट्टीने बंद करून, बाजूंनी कागदाचे बोळे भरून घट्ट झाकणाच्या डब्यात उभी ठेवा. कॉटखाली आडवी सरकवू नका.

तापमापी फुटली तर पंखा आणि एसी बंद करा, खिडकी उघडा, बाकीच्या खोल्यांचं दार लावून घ्या. केरसुणी फिरवायची नाही, कारण एका थेंबाचे बारीक शंभर होतात. व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात नको, तो पाऱ्याची वाफ घरभर उडवतो. टॉर्चचा झोत जमिनीलगत आडवा टाकलात की चमकणारे मणी दिसतात. दोन कडक पुठ्ठ्यांनी ते एकत्र सरकवा, ड्रॉपरने उचला आणि थोडं पाणी घातलेल्या घट्ट झाकणाच्या बाटलीत सोडा. उरलेला चुरा चिकटपट्टीने टिपा. जुन्या मोझेक फरशीच्या भेगांत पारा अडकतो, तिथेही चिकटपट्टीच चालवा. पट्टी, पुठ्ठा, ड्रॉपर, मोजे, सगळं त्याच बाटलीसोबत एका पिशवीत जाईल. मोरीत काही धुवायचं नाही आणि पारा लागलेला कपडा वॉशिंग मशीनमध्ये टाकायचा नाही. हे झालं तापमापीपुरतं. यंत्रातला पारा सांडला तर स्वतः निपटू नका. खोलीबाहेर या, दार लावून खालच्या फटीला ओला टॉवेल लावा आणि १०१ वर अग्निशमन दलाला कळवा.

दुसरी काळजीची गोष्ट ती राखाडी पावडर. जुन्या घरांत अशा डब्यात बहुधा तीनपैकी एक सापडतं. उंदराचं औषध म्हणजे झिंक फॉस्फाइड, ते काळसर राखाडी असतं. धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरून झाल्या की त्यांचीही राखाडी भुकटी होते. किंवा ढेकणा-झुरळांसाठीची बीएचसी पावडर, जी गॅमेक्सिन म्हणून घराघरात असायची आणि जिच्यावर भारतात १९९७ पासून बंदी आहे. यातल्या पहिल्या दोन्ही पाण्याशी किंवा ॲसिडशी आल्या की फॉस्फिन हा अतिविषारी वायू सोडतात. तीन ग्रॅमच्या एका ॲल्युमिनियम फॉस्फाइड गोळीतून सुमारे एक ग्रॅम फॉस्फिन सुटतो, आणि त्यासाठी पावसाळ्यातली दमट हवासुद्धा पुरते. म्हणून ती गोळी सामान्य घरात वापरायला परवानगीच नाही.

तेव्हा डबा उघडून वास घ्यायचा नाही, हलवायचा नाही, पावडर पाण्यात कालवून संडासात टाकायची नाही आणि त्यावर ओला कपडाही फिरवायचा नाही. झाकण बसत असेल तर घट्ट लावा, कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि पाऊस येणार नाही अशा उघड्या गॅलरीत, झोपायच्या खोलीपासून दूर ठेवा. वर ‘अनोळखी विष, पाणी लावू नका’ असं लिहा. लसणीसारखा किंवा कुजलेल्या मासळीसारखा वास जाणवला तर सगळ्यांनी बाहेर पडा, शेजाऱ्यांनाही बाहेर काढा आणि १०१ ला कळवा. या डब्याचं घरी काहीच करायचं नसतं. तो आहे तसा कोरडा ठेवून योग्य हातात पोचवायचा, एवढंच.

ॲसिडचं मात्र घरी करता येतं, पण बाटलीवर हायड्रोक्लोरिकचं लेबल शाबूत असेल आणि ते अर्ध्या लिटरच्या आत असेल तरच. झाकण उघडताच पांढरा धूर येत असेल किंवा लेबल नसेल तर ते अनोळखी समजून बाजूला ठेवा. सगळ्यात सोपं म्हणजे ज्यासाठी आणलं होतं त्यासाठीच, थोडं थोडं, संडासाच्या भांड्यात वापरून संपवणं. तेवढा वेळ नसेल तर प्लास्टिकच्या बादलीत आधी पाच-सहा लिटर थंड पाणी घ्या आणि ॲसिड अगदी बारीक धारेने त्या पाण्यात सोडा. उलटं, म्हणजे ॲसिडमध्ये पाणी, कधीही नाही. ते उसळून चेहऱ्यावर येतं. मग खाण्याचा सोडा एकेक चमचा घाला. फेस येईल, तो बसला की पुढचा चमचा. अर्धा लिटर ॲसिडला साधारण अर्धा किलो सोडा लागतो. घाईने ओतलात तर फेस बादलीबाहेर येतो. सोडा घालूनही फेस येईनासा झाला की ते कमोडमध्ये भरपूर पाण्यासोबत सोडा. डोळ्यांवर चष्मा हवा, बादली स्टीलची किंवा ॲल्युमिनियमची नको, आणि त्या दिवशी संडासात दुसरं कुठलंही क्लीनर वापरू नका. मोझेक फरशीवर थेंब पडू देऊ नका, त्यातले संगमरवराचे खडे ॲसिडने खाल्ले जातात.

गॅलरीच्या कोपऱ्यातल्या नळीत यातलं काहीही ओतू नका. ती बहुतेक इमारतींत पावसाच्या पाण्याच्या गटाराला जोडलेली असते, आणि तिथलं पाणी कुठल्याही शुद्धीकरणाशिवाय नाल्यातून खाडीत जातं.

रंगाचे डबे उघडून काठीने ढवळून बघा. वर साय आली असेल तर ती कापून काढा. खालचा रंग ढवळून एकसारखा होत असेल तर तो रंगच आहे, कचरा नव्हे. ओळखीच्या रंगाऱ्याला किंवा ग्रिल रंगवायचे असतील अशा शेजारच्या सोसायटीला विचारा. बोटभर उरलेला रंग मात्र वाळवता येतो. डब्यात कोरडी वाळू किंवा लाकडाचा भुसा मिसळा, सावलीत, विस्तवापासून आणि मुलांपासून दूर, झाकण उघडं ठेवून दगडासारखा होईपर्यंत राहू द्या. भिंतींचा प्लास्टिक पेंट पाण्यावरचा असतो, तो असा वाळला की सुक्या कचऱ्यात चालतो. ऑइल पेंटचा वाळलेला गोळा घातक कचऱ्यातच गेलेला बरा, विशेषतः डबा जुना असेल तर. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगांत शिसं कितीही असू शकतं. त्याच कारणाने जुन्या दाराखिडक्या नव्या घरी नेणार असाल तर त्यांचा रंग कोरडा घासू नका, पाणी मारून खरवडा आणि खरवड कागदावर गोळा करा.

टर्पेंटाईन टाकून देऊ नका. वापरलेलं असेल तर आठवडाभर स्थिर ठेवा, गाळ तळाला बसतो, वरचं स्वच्छ टर्पेंटाईन रंगारी आनंदाने घेतो. रॉकेलही गॅरेजवाला पार्ट धुवायला घेतो. दोन्ही मोरीत ओतलीत तर पाण्यावर तरंगत गटारात जातात आणि त्यांची वाफ मॅनहोलमध्ये कोंडते. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला मॅनहोलमध्ये उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरीही माणसं उतरतात, आणि जीव जातात ते अशाच कोंडलेल्या वायूंमुळे.

अळशीच्या तेलाच्या चिंध्या छोट्या दिसतात, म्हणून दुर्लक्ष होतं. हे तेल हवेतला प्राणवायू घेत सुकतं आणि त्यात उष्णता निघते. ओल्या चिंध्यांचा बोळा करून पिशवीत कोंबला तर ती उष्णता आतच साठते आणि काडी न लावता बोळा पेटू शकतो. ताज्या असोत वा चिकट, चिंध्या पाण्यात भिजवा, एकेक सुटी करून बाहेर दोरीवर पसरा, कडक झाल्या की कचऱ्यात द्या. नव्या घरी पॉलिश करून घ्याल तेव्हा सुताराच्या चिंध्यांवरही लक्ष असू द्या.

औषधांत घाई चालेल, पण सुयांत नाही. सुया आणि पेनच्या टोकांसाठी कपडे धुवायच्या द्रवाची जाड प्लास्टिकची बाटली घ्या. सुईचं टोपण पुन्हा बसवायचा प्रयत्न करू नका, बोटाला टोचतं ते नेमकं तेव्हाच. बाटली तीन चतुर्थांश भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून ‘सुया’ असं लिहा आणि तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात किंवा पॅथॉलॉजी लॅबमध्ये विचारा. त्यांच्याकडे जैववैद्यकीय कचरा नेणारी गाडी येते. गोळ्यांच्या पाकिटांवरचं रुग्णाचं नाव खोडा, स्ट्रिप कात्रीने चिरा म्हणजे त्या पुन्हा विकल्या जाणार नाहीत. गोळ्या कुटू नका; कॅन्सरच्या किंवा हार्मोनच्या गोळीची पूड हातातून, श्वासातून शरीरात जाते, आणि कॅन्सरची औषधं तर रुग्णालयालाच परत द्यायची. संडासात फ्लश करणं सरसकट चुकीचं आहे. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०२५ मध्ये फेंटॅनिल, मॉर्फिन, ट्रामाडॉल यांसारखी १७ औषधं मात्र फ्लश करावीत असं सांगितलं, कारण ती चुकून कुणाच्या हाती लागली तर एका मात्रेनेही जीव जाऊ शकतो. सासऱ्यांच्या पिशवीत त्यातलं काही आहे का, हे केमिस्टकडून बघून घ्या. बाकीच्यांसाठी महापालिकेने मे २०२५ पासून सॅनिटरी आणि विशेष काळजीच्या घरगुती कचऱ्याचं स्वतंत्र संकलन सुरू केलं आहे. त्यात मुदत संपलेली औषधं बसतात, पण नोंदणी सोसायटीने करावी लागते.

इन्व्हर्टरची बॅटरी तुमच्या यादीतली सगळ्यात सोपी वस्तू. २०२२ च्या बॅटरी नियमांनुसार ती परत गोळा करणं उत्पादकाची जबाबदारी आहे, आणि शिशामुळे तिला वजनावर पैसेही मिळतात. विक्रेत्याला फोन करा, तो माणूस पाठवतो. ती पन्नास-साठ किलोची असते, एकट्याने उचलू नका, आडवी करू नका आणि ‘हलकी करून देतो’ म्हणत कुणी ॲसिड ओतायला लागला तर थांबवा. फुगलेला मोबाइल चार्जिंगला लावू नका, दाबून बसवू नका, बॅटरी उचकटू नका. पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत पुरून सावलीत ठेवा आणि कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्या. अधिकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांची यादी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर आहे. घड्याळातली बटणाएवढी सेल सापडली तर लगेच दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावा. लहान मुलाने गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. ट्यूबलाइट पुठ्ठ्याच्या नळीत किंवा जाड कागदात गुंडाळा. २०२२ च्या ई-कचरा नियमांत पाऱ्याचे दिवेही येतात, त्यामुळे त्या ई-कचऱ्यासोबतच जातील.

एवढं झाल्यावर पाऱ्याचं यंत्र, ती पावडर, ऑइल पेंटचा गोळा आणि कदाचित धूर येणारं ॲसिड एवढंच उरेल. यासाठी महापालिकेच्या टी विभाग (मुलुंड) कार्यालयात सहायक अभियंता, घनकचरा व्यवस्थापन यांच्या नावे अर्ज द्या. ‘कचरा उचला’ असं मोघम लिहू नका, वस्तू, अंदाजे वजन आणि घर सोडायची तारीख लिहा. २०१६ च्या घनकचरा नियमांनी दर वीस चौरस किलोमीटरला घरगुती घातक कचऱ्याचं एक संकलन केंद्र असावं असं सांगितलं होतं, आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२६ च्या नव्या नियमांत विशेष काळजीचा कचरा, म्हणजे असाच घातक घरगुती कचरा, हा ओला, सुका आणि सॅनिटरीसोबत चौथा स्वतंत्र प्रकार आहे. टेबलापलीकडून ‘आमच्याकडे असं काही नसतं’ असं उत्तर आलं तर या नव्या नियमांचा उल्लेख करा, १९१६ वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक अर्जावर लिहा. पाऱ्याबद्दल मोठ्या रुग्णालयातही विचारून बघा, पण जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत तो जाऊ देऊ नका. ती पिशवी भट्टीत जाते आणि पारा धुराड्यातून पुन्हा हवेत येतो.

नेताना रिक्षा किंवा टॅक्सी करा आणि काच खाली ठेवा. ॲसिड, रॉकेल, टर्पेंटाईन लोकलमधून नेणं रेल्वे कायद्याने गुन्हा आहे, आणि सकाळच्या गर्दीत असा कॅन फुटला तर काय होईल हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको. ॲसिड आणि रॉकेल एका फेरीत नेऊ नका.

शेवटचं, तुमच्या सेक्रेटरींसाठी. तुमच्या माळ्यावर हे निघालं तर बाकीच्या घरांतही निघणार. सगळ्यांनी एकाच रविवारी आपापल्या वस्तू नावानिशी कागदावर लिहून द्याव्यात, वस्तू घरातच ठेवाव्यात, आणि सोसायटीच्या लेटरहेडवर एकच अर्ज विभाग कार्यालयात जावा. वीस घरांच्या अर्जाला एका घराच्या अर्जापेक्षा लवकर उत्तर मिळतं, आणि घातक कचरा नेणाऱ्या अधिकृत संस्थेला पैसे देऊन बोलवायची वेळ आली तर खर्चही विभागला जातो. त्याच पत्राची एक प्रत बिल्डरला द्या आणि खिडक्यांवरच्या जुन्या सिमेंटच्या पत्र्यांबद्दल त्यात लेखी विचारा. त्या काळातल्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी आहे. ते हातोड्याने फोडायचे नसतात. पाणी मारून, स्क्रू काढून अख्खे उतरवायचे, प्लास्टिकमध्ये गुंडाळायचे आणि घातक कचरा म्हणून वेगळे पाठवायचे असतात, डेब्रिजमध्ये नाही. हे काम कोण आणि कसं करणार याचं उत्तर बिल्डरकडून चावी देण्याआधीच लेखी घ्या.